परूशी ढोंगी नव्हता

येशूच्या एका दृष्टांतात दोघे मंदिरात प्रार्थना करतात: एक परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहूदी पंथातला, आणि एक जकातदार, म्हणजे लोक पापी समजत तो कर गोळा करणारा. परूशी ढोंगी होता म्हणून त्याची प्रार्थना वाया गेली, असं म्हटलं जातं. मला ते पटत नाही. हा दृष्टांत बायबलमध्ये लूकच्या शुभवर्तमानाच्या १८व्या अध्यायात आहे, आणि तिथे परूशी खोटं बोलतोय असं कुठेही लिहिलेलं नाही. मोशेच्या नियमशास्त्रात वर्षातून एकच उपास सक्तीचा, प्रायश्चित्ताच्या दिवशीचा. हा परूशी आठवड्यातून दोनदा उपास धरतो, सगळ्या मिळकतीचा दशमांश देतो. पुण्य खरंच आहे, आणि घात तिथेच होतो: देवाचे आभार मानता मानता त्याची नजर जकातदाराकडे वळते. जकातदार कुणाशीच तुलना करत नाही. मूळ ग्रीकमध्ये तो स्वतःला 'एक पापी' नाही, 'तो पापी' म्हणवतो, जणू मंदिरात दुसरा कुणी पापी नाहीच.

चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहिलेल्या एव्हाग्रियस या संन्याशाने आठ कुविचारांची यादी केली. त्यात खादाडपणा पहिला. मानाची हाव आणि गर्व अगदी शेवटी. बाकीच्यांवर मात केली की हे दोघे पुढे येतात. एका वर्षी लेंटचे, म्हणजे ईस्टरआधीच्या काळातले, उपास मी नेमाने पाळत होतो. भक्तीला उशिरा आलेल्या एकाला पाहून मनात आलं, याला काही गांभीर्यच नाही. तेव्हा माझे हात जोडलेले होते.