अनुभव धागा: आवृत्ती बदलली आणि लेझी इव्हॅल्युएशनने घोळ घातला

धागाकर्ता:
भाषेची नवी आवृत्ती घेतल्यावर कोडची एकही ओळ न बदलता त्याचे वागणे बदलले आणि शोधाअंती मूळ लेझी इव्हॅल्युएशनमध्ये (मूल्य प्रत्यक्ष लागेपर्यंत ते न काढण्याच्या पद्धतीत) सापडले, असे ज्यांच्या वाट्याला आले त्यांनी कृपया येथे लिहावे. एरर देऊन थांबलेल्या प्रोग्रॅमपेक्षा निमूटपणे चुकीचे उत्तर देत राहिलेल्या प्रोग्रॅमचे अनुभव अधिक हवे आहेत.

प्रतिसाद, पायथॉन:
डिसेंबर २००८ मध्ये आलेल्या पायथॉन ३.० पासून मॅप, फिल्टर आणि झिप ही फंक्शने लिस्टऐवजी इटरेटर (मागितल्यावर एकेक मूल्य देणारी, एकदाच फिरता येणारी वस्तू) देऊ लागली, परंतु आमच्या अहवालांचा कोड २०२० मध्ये पायथॉन २ चा आधार संपेपर्यंत जागचा हलला नव्हता. लांबी विचारणाऱ्या ओळी टाइपएरर देऊन थांबल्या, त्यामुळे त्या लगेच सापडल्या. खरा त्रास दिला तो एकाच निकालावर दोनदा फिरणाऱ्या कोडने: पहिल्या फेरीत बेरीज बरोबर येई, दुसऱ्या फेरीपर्यंत इटरेटर रिता झालेला असल्याने विचलनांच्या वर्गांची बेरीज शून्य येई, आणि अहवालातले ते शून्य बराच काळ कोणालाही खटकले नाही. फिल्टरचा निकाल थेट इफमध्ये तपासलेला होता तेथेही फसगत झाली, कारण रिकामी लिस्ट असत्य ठरते, तर तो इटरेटर आत काही नसले तरी सत्यच ठरतो. शिवाय मॅप ट्रायच्या आत आणि त्याचा वापर बाहेर असेल, तर मूल्ये वापराच्या वेळीच निघत असल्याने व्हॅल्यूएरर हा एरर तो पकडण्यासाठी लिहिलेल्या एक्सेप्टच्या हाती लागतच नाही. टू-टू-थ्री हे पायथॉन २ चा कोड पायथॉन ३ मध्ये बदलणारे साधन मॅपभोवती गरजेनुसार लिस्ट घालून देत असे. आमच्याकडे रूपांतर हाताने का केले गेले, ते मला आजही पटलेले नाही.

प्रतिसाद, जावा:
आम्ही जावा ८ वरून ११ वर गेलो आणि एका चाचणीतील लॉगच्या नोंदी नाहीशा झाल्या. लिस्टच्या स्ट्रीमवर (घटकांच्या प्रवाहावर) पीकमधून, म्हणजे जाता जाता प्रत्येक घटक पाहणाऱ्या पायरीतून, नोंद लिहून शेवटी काउंट, म्हणजे घटकांची संख्या, घेतलेला होता. जावा ९ पासून संख्या मूळ स्रोतावरूनच कळत असेल, तर काउंट मधल्या पायऱ्या चालवीतच नाही. संख्या अचूक येते, पीक मात्र घडत नाही. तपासासाठी मध्ये फिल्टर घातला की संख्या आधी कळेनाशी होई, सगळ्या पायऱ्या चालत आणि दोष दिसेनासा होई. पीकवर काम सोपवणेच मुळात गैर, असे माझे मत आहे.

प्रतिसाद, आर:
आमचा अनुभव उलटा आहे. लॅप्लायमधून (यादीतील प्रत्येक घटकावर एखादे फंक्शन चालवणाऱ्या फंक्शनमधून) तयार केलेली सगळी फंक्शने पूर्वी शेवटचेच मूल्य वापरीत, म्हणून आम्ही जागोजागी मूल्य लगेच काढायला लावणारे फोर्स लिहीत असू. २०१५ च्या आर ३.२.० पासून लॅप्लाय स्वतःच आर्ग्युमेंटचे मूल्य काढू लागले. नव्या सहकाऱ्यांनी ते फोर्स निरुपयोगी समजून सगळीकडून काढले, साध्या फॉर लूपमधूनही. तेथे मात्र जुनेच वागणे कायम आहे.