कॉलेजवाले पोरांना बोलावतात, पण नेऊन करायचं काय?

खानापूर_मास्तर:
नमस्कार मंडळी. जांबोटीच्या अंगाला एका मराठी हायस्कुलात गणित शिकवतो. बेळगावच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजचं पत्र आलंय: आठवी-नववीची पोरं घेऊन या, दिवसभराचा कार्यक्रम, जेवण आमच्याकडं. मागं एकदा दुसऱ्या एका कॉलेजात नेलं होतं. हॉलमध्ये इंग्रजीतून भाषण, मधेमधे कन्नड. मग ड्रोन उडवला, फोटो काढले, उप्पीट खाऊन परत. पोरं खूश होती, नाही म्हणत नाही. पण वर्गात विचारलं, ड्रोन वर कसा जातो, तर उत्तर आलं, "रिमोटनं." बसभाडं पालकांच्या खिशातनं जातं, रोजगारावर जाणारी माणसं आहेत ती. न्यावं का? आणि न्यायचं तर कॉलेजला आधी काय सांगावं?

मेकॅनिकल_लेक्चरर:
न्या की सर. पण आमच्या बाजूचं खरं सांगतो. नॅक म्हणजे कॉलेजांना दर्जा देणारी संस्था, तिच्या मूल्यांकनात विस्तारकार्यही, म्हणजे कॉलेजबाहेरच्या लोकांसाठी काय केलं तेही बघतात, म्हणून वरून मागणी येते ती फोटोंची आणि हजेरीपत्रकाची. पोरांनी हातानं काय केलं हे कोण विचारत नाही. तेव्हा पत्राच्या उत्तरातच लिहा: हॉल नको, वर्कशॉप द्या. लेथ, म्हणजे धातू फिरवून कापायचं मशीन, लांबूनच बघू दे, पण कानस आणि व्हर्निअर (बारीक माप घ्यायची सरकपट्टी) हातात पाहिजे. नाण्याभोवती दोरा गुंडाळून परीघ काढायचा, व्यास व्हर्निअरनं, मग भागाकार. ३.१४ च्या आसपास आलं की पोरं एकमेकांच्या वहीत डोकावतात. आणि समजावून सांगायला खानापूर-निपाणीकडची, मराठी बोलणारी विद्यार्थी मंडळी मागा. आम्हा प्राध्यापकांना पोरं प्रश्न विचारत नाहीत, त्यांना विचारतात.

उद्यमबाग_फौंड्री:
कॉलेज झालं की तासभर आमच्याकडं आणा. ओतकामाला पॅटर्न, म्हणजे साचा उठवायचा नमुना लागतो आणि तो मालापेक्षा मोठा करावा लागतो, कारण बीड (ओतीव लोखंड) थंड होताना आकसतं, साधारण १ टक्का. म्हणजे ३०० मिमीचा माल पाहिजे तर पॅटर्न ३०३ चा. पॅटर्नवाल्याची पट्टीच वेगळी असते, तिच्यावरचे मिलिमीटर मुळातच तेवढे मोठे आखलेले. ती पट्टी आणि साधी पट्टी शेजारी ठेवून पोरांच्या हातात द्या, काही सांगू नका. बघू कोण आधी पकडतंय. मग विचारा, ३०० मिमीच्या ठोकळ्यात लांबी १ टक्क्यानं वाढवली तर घनफळ किती वाढलं? सगळी १ टक्काच म्हणतील. ३०३ चा घन करायला लावा, ३ टक्क्यांहून थोडं जास्तच येतं. आमच्याकडं नवीन आलेले डिग्रीवाले पण इथं अडकतात, नाव कशाला घ्या. फक्त ओतकाम चालू असताना आत सोडणार नाही, आणि पायात बूट पाहिजेत, चप्पल चालायची नाही.

सिव्हिलवाली_निपाणी:
सर, कॉलेजातल्या सिव्हिलच्या सर्व्हे लॅबला चुकवू नका. आणि त्याआधी शाळेतच एक करून घ्या. कोनमापकाला स्ट्रॉ चिकटवायचा, मधोमध दोरा, दोऱ्याला नट. स्ट्रॉमधनं माडाचा शेंडा बघत मागं मागं सरकायचं. शेंडा ४५ अंशावर आला की थांबायचं. बुंध्यापासूनचं अंतर अधिक आपल्या डोळ्याची उंची, झाली माडाची उंची. जमीन तेवढी सपाट बघून घ्या. त्रिकोणमिती दहावीत येते, पण याला समद्विभुज काटकोन त्रिकोण पुरे. मग कॉलेजात थिओडोलाइटनं, म्हणजे कोन मोजायच्या दुर्बिणीच्या यंत्रानं, एखाद्या इमारतीची उंची काढायला लावा आणि आपल्या नटवाल्या यंत्रानं पण काढा. किती फरक पडला हे पोरांनीच सांगू दे.
दुसरं, यंत्राजवळ मुलग्यांची गर्दी होते आणि मुली मागं वह्या धरून उभ्या राहतात. आमच्या बॅचला हेच झालं होतं. मुलींची टोळी वेगळी करा, चार-चारची. आणि दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा, मग डीसीईटी (डिप्लोमावाल्यांची प्रवेश परीक्षा) देऊन बीईला थेट दुसऱ्या वर्षात जाता येतं, हे पालकांच्या कानावर घाला. मी त्याच वाटेनं गेले. आमच्या गल्लीत तेव्हा हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

खानापूर_मास्तर:
मंडळी, लई काम झालं. कॉलेजला वर्कशॉपचं आजच लिहितो, नाही म्हणाले तर फौंड्री आणि माड एवढंच करू. उद्यमबागवाले, शनिवारी आमची शाळा सकाळची असते, दुपारी अडीचला पोचलो तर चालेल का? आणि बुटांचं सांगितलंत, पण निम्म्या पोरांकडं नाहीत. तुमच्याकडं जादा जोड असतात काय?

उद्यमबाग_फौंड्री:
अडीचला या. बुटांचं बघतो, कामगारांचे सातच्या पुढचेच आहेत, बारक्यांना मोठे होतील. मोजे दोन-दोन घालून आणा.