सीतेची वेणी टोपलीतच ठेवावी की झाडावर बांधावी?

रानजाई
सीतेची वेणी, म्हणजे शास्त्रीय नावाने रिंकोस्टायलिस रेट्युसा, या अमरीचे (ऑर्किडचे) चांगले वाढलेले रोप माझ्याकडे लाकडी पट्ट्यांच्या टोपलीत टांगलेले आहे. पाने गर्द हिरवी आहेत आणि मुळे टोपलीबाहेर लोंबत आहेत, परंतु फुलोरा अद्याप एकदाही आलेला नाही. रोप झाडावर बांधावे का, कोणत्या झाडावर, आणि बहरासाठी वेगळे खत द्यावे का, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

पालवी
खताचा विचार करण्यापूर्वी उजेड तपासावा. पाने गर्द हिरवी असणे हे दिसायला चांगले असले, तरी बहुधा उजेड अपुरा असल्याचेच ते लक्षण आहे; योग्य जागी असलेल्या रोपाची पाने किंचित पोपटी दिसतात. सकाळचे कोवळे ऊन आणि नंतर साधारण ५० टक्के शेडनेटखालचा उजेड या अमरीला मानवतो. मात्र जागा हळूहळू बदलावी, कारण एकदम उन्हात नेल्यास पाने भाजतात आणि ते डाग कायमचे राहतात.

दुसरी बाब हिवाळ्याची आहे. सह्याद्रीतील पानझडी झाडांवर वाढणाऱ्या रोपांना पावसाळ्यानंतर कोरडी हवा मिळते, आधाराच्या झाडाची पाने गळाल्याने उजेड वाढतो, आणि मग पावसाळ्याच्या तोंडावर, साधारणपणे मे-जूनमध्ये, जांभळट ठिपक्यांच्या पांढऱ्या फुलांचे घोस लोंबू लागतात. म्हणून हिवाळ्यात पाणी कमी करावे आणि खत जवळजवळ थांबवावे. वाढीच्या दिवसांत १९:१९:१९ सारखे (नत्र, स्फुरद आणि पालाश समप्रमाणात असलेले) विद्राव्य खत शिफारशीच्या पाव मात्रेत आठवड्यातून एकदा दिले की पुरते. ‘फुले येण्याचे’ म्हणून विकल्या जाणाऱ्या जास्त स्फुरदाच्या (फॉस्फरसच्या) खतांवर माझा विश्वास नाही.

सालपट
वरील सल्ल्याशी मी सहमत आहे, पण ‘पाणी कमी’ याचा अर्थ ‘पाणी बंद’ असा घेऊ नये. डेंड्रोबियम या दुसऱ्या अमरीसारखी पाणी साठवणारी जाड खोडे या अमरीला नसतात. तिची शिदोरी पानांत आणि मुळांतच असते, त्यामुळे फार काळ कोरडी राहिल्यास खालची पाने सुरकुतून गळू लागतात. मुळांवरचे पांढरे, स्पंजासारखे आवरण भिजले की ती हिरवट दिसतात. तेवढे होईपर्यंत सकाळी पाणी द्यावे आणि संध्याकाळपूर्वी ती पुन्हा पांढरी होतील इतकी हवा खेळती ठेवावी. शेंड्यातील पानांच्या बेचक्यात रात्रभर पाणी साचले, तर शेंडा कुजतो, आणि एकाच शेंड्याने वाढणाऱ्या या रोपाचे ते मोठे नुकसान असते. टोपलीत माती किंवा कोकोपीट भरू नये. कोळशाचे चार मोठे तुकडे पुरतात, तेही नसले तरी चालते.

झाड निवडताना आंबा किंवा फणस यांसारखे खरखरीत, टिकाऊ सालीचे झाड पाहावे. पेरू आणि निलगिरी यांची साल सुटून येते, त्यामुळे मुळांची पकड टिकत नाही.

रानजाई
मनःपूर्वक आभार. आंब्यावर बांधायचे ठरवले, तर टोपली काढून टाकावी का? शेजारी लावण्यासाठी आणखी एक रोप घेण्याचाही विचार आहे.

सालपट
टोपली मुळीच काढू नका. या अमरीला मुळे दुखावलेली सोसत नाहीत आणि तशा रोपाचा पुढचा बहर हमखास हुकतो. पावसाळा सुरू होताना, मुळांची टोके हिरवी दिसू लागली की, टोपलीसकट रोप खोडाला सुती दोरीने घट्ट बांधावे आणि शेंडा थोडा बाहेर कललेला ठेवावा, म्हणजे पाणी साचणार नाही. नवी मुळे पट्ट्यांमधून बाहेर पडून साल धरतात. लाकूड पुढे आपोआप कुजून जाते.

पालवी
नवे रोप ऊतिसंवर्धनातून (टिश्यू कल्चरमधून) किंवा रोपवाटिकेत बियांपासून वाढवलेलेच घ्यावे. तुटकी मुळे, त्यांना चिकटलेले सालीचे तुकडे आणि पानांवर शेवाळ दिसले, तर ते रोप बहुधा जंगलातून ओरबाडलेले असते. असे रोप स्वस्त मिळाले तरी घेऊ नये; ते रुजण्याची खात्रीही कमीच असते.