रविवारी दादाचं लग्न, मी करवली आणि हनुवटीवर पिंपल, काय करू?

कोपरीची_करवली
मंडळी जरा अर्जंट आहे. रविवारी दादाचं लग्न, शनिवारी हळद, आणि आज गुरुवारी सकाळी आरशात बघते तर हनुवटीवर डाव्या बाजूला लालभडक टपोरा पिंपल. तोंड अजून धरलेलं नाही, आत गाठ लागते आणि बोट लागलं तरी ठणकतं. आणि मी करवली, म्हणजे कऱ्हा घेऊन दादाच्या मागेच उभी, एकही फोटो सुटणार नाही. घरात प्रत्येकाचा वेगळा उपाय चाललाय, आई म्हणते जायफळ उगाळ, मावशी म्हणते लिंबू चोळ, ऑफिसमधली एक म्हणते टूथपेस्ट थापून झोप आणि आत्या तर सुई घेऊनच बसलीये. एरवी मला पाळीच्या आधी एखादा येतो तेवढाच. दोन दिवसांत हे बसेल का? आणि हळदीच्या दिवशी तोंडाला हळद लावून घेऊ की नको?

नौपाड्याची_काकू
अगं सुई आधी काढून घे आत्याच्या हातातून! आमच्याकडे सहाणेवर दुधात जायफळ उगाळून नुसता ठिपका लावायचे, सुकलं की धुवायचं. चंदन त्याहून थंड. माझ्या दोन्ही मुलींना हेच केलं, काही झालं नाही कोणाला. फक्त सहाण स्वच्छ धुवून घे, देव्हाऱ्यातली तशीच नको घेऊस.

ऐरोली_फार्मसी
मी केमिस्टच्या दुकानात काउंटरला असतो, डॉक्टर नाही, पण हा प्रश्न रोजचा आहे म्हणून लिहितो.

आधी खरं सांगतो, आत गाठ असलेला पिंपल दोन दिवसांत गायब होत नाही. सूज आणि लाली उतरते, आणि तेवढ्यावर मेकअप बसतो. त्यामुळे त्याला चिडवायचं नाही हा अर्धा उपाय. फोडलास तर आतली घाण खालच्या बाजूलाही फुटते, सूज वाढते, वर खपली धरते, आणि खपलीवर कुठलाही कन्सीलर टिकत नाही. लिंबू अजिबात नको, ते ॲसिड आहे आणि लावून उन्हात गेलीस की चट्टा उठतो, तो काळा डाग महिनोन्‌महिने जात नाही. टूथपेस्टने कातडी भाजल्यासारखी होते, पिंपल आहे तिथेच राहतो.

काय करायचं ते ऐक. बर्फाचा खडा स्वच्छ सुती रुमालात गुंडाळून पाचेक मिनिटं टेकव, मग थोडं थांबून परत एकदा, ठणका आणि सूज दोन्ही उतरतात. बर्फ उघडा लावू नकोस. रात्री तोंड साध्या फेसवॉशने धुवायचं, पूर्ण कोरडं होऊ द्यायचं आणि बेंझॉइल पेरॉक्साइड 2.5 टक्के जेल मोहरीएवढं, फक्त पिंपलवर. 5 किंवा 10 टक्क्यांचं घेऊ नकोस, जास्त टक्के म्हणजे लवकर बरं असं काही नसतं, फक्त सालं जास्त निघतात. पहिल्यांदाच लावत असशील तर आधी जबड्याखाली थोडं लावून बघ, फार लाल झालं तर सोडून दे. आणि हे जेल कपड्याचा रंग उडवतं, ब्लीच करतं अक्षरशः, तेव्हा उशीला जुना अभ्रा घाल आणि ते लावलेलं असताना शालू, पैठणी काही जवळ आणू नकोस.

काकू, जायफळाला माझा विरोध नाही पण काहींना त्याने आग होते, आणि लग्नाच्या दोन दिवस आधी हा प्रयोग नको. चंदन चालेल, पण तेही जेल लावतेय त्या जागी नको. एका वेळी एकच.

नौपाड्याची_काकू
बरं बाबा, चंदन तर चंदन.

सीवूड्स_सिनियर
पॅच पण मिळतात ना आता, गोल पारदर्शक, हायड्रोकोलॉइडचे. बहिणीची मुलगी शपथेवर सांगते.

ऐरोली_फार्मसी
मिळतात आणि चांगले आहेत, पण तोंड धरलेल्या किंवा फुटलेल्या पिंपलला. पॅच आतला द्रव शोषतो म्हणून सकाळी पांढरा झालेला दिसतो, लोकांना वाटतं मूळ निघालं. हिच्यासारख्या बंद गाठीवर फार काही करत नाही, एवढंच की झोपेत हात जात नाही, तेही काही कमी नाही म्हणा.

घणसोली_गॅलरी
एक सांगायचंच आहे. अशीच घाई असताना माझ्या मावसबहिणीला एका दुकानातून ‘ही लावा, सकाळी साफ’ म्हणून ट्यूब मिळाली. सकाळी खरंच साफ! मग ती रोज लावायला लागली, आणि पुढे सोडली की तोंडभर पुरळ आणि लाली. स्किनवाल्या डॉक्टरांनी सांगितलं आत स्टेरॉइड होतं. ट्यूबच्या मागे बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन असलं काही लिहिलेलं असेल तर कोणी कितीही आग्रह केला तरी घेऊ नका.

ऐरोली_फार्मसी
बरोबर. ही चिठ्ठीवरची औषधं आहेत, आमच्याच धंद्यातले लोक अशीच हातात ठेवतात हे दुर्दैव. फारच मोठा आणि दुखरा असेल तर उद्याच स्किन स्पेशालिस्ट गाठ, ते गाठीत अगदी पातळ केलेल्या स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात, बहुतेक वेळा दोन-तीन दिवसांत बसतं. कधीकधी तिथे खड्डा पडतो, तेही विचारून घे. आणि ताप आला, सूज पसरायला लागली किंवा पिंपल नाकाजवळ, वरच्या ओठावर असून डोळ्यापर्यंत सूज गेली, तर घरचे उपाय बंद, सरळ डॉक्टर.

वाशीची_ब्रायडल
मी ब्रायडल मेकअप करते. रविवारी सकाळी आधी बर्फ, मग साधं मॉइश्चरायझर, ते मुरलं की फक्त लाल जागेवर हिरवा करेक्टर अगदी पातळ, त्यावर तुझ्या रंगाचा कन्सीलर बोटाने टॅप टॅप करायचा, घासायचा नाही, आणि वर पावडर दाबून. लोक थर चढवत जातात आणि मग साइडने लाइट पडला की डोंगर दिसतो. स्पंज नवा घे, पार्लरवालीचा तोच तोच नको. उंचवटा थोडा राहीलच, पण रंग झाकला की फोटोत तुझ्याशिवाय कोणाला कळणार नाही.

कोपरीची_करवली
जेल आणलं, बर्फ चालू आहे, थोडा ठणका कमी वाटतोय. पण हळदीचं राहिलंच ना! दादाला लावून झाली की हळद आधी करवलीलाच फासतात आणि आमची भावंडं म्हणजे...

ऐरोली_फार्मसी
ताई, हळदीत तेल असतं, आणि त्यात सगळ्यांचे हात बुडालेले. गालाला, कपाळाला बोट लावून घे, हनुवटी सोडायला सांग. जेल लावून जागा कोरडी पडलेली असते, तिथे कोणी रगडलं तर चांगलीच झोंबेल. शुक्रवारी रात्री जेल लाव, शनिवारी दिवसभर नको. कार्यक्रम झाला की लगेच तोंड धू, स्क्रब नको.

नौपाड्याची_काकू
भावंडांना सांगून ऐकणारेत का ते? तू आधीच आईकडून कपाळाला बोटभर लावून घे आणि कोणी वाटी घेऊन आलं की दादाकडे बोट दाखव.