गावात राहून ताई ची शिकता येते का? अन् रागावर खरंच काही फरक पडते का?

वावरवाला_मोर्शी
राम राम मंडळी. वय 36, मोर्शी तालुक्यात संत्र्याचा बगीचा अन् थोडी पऱ्हाटी हाय. पाठीवर 16 लिटरचा पंप घेऊन फवारण्या करू करू कंबर गेली, पण खरी गोठ वेगळीच हाय, राग लय वाढला. मागच्या महिन्यात धुऱ्यावरून चुलतभावासंग वाद झाला अन् मी त्याच्यावर हात उगारला, माही पोरगी तिथंच उभी होती, तिचं तोंड अजून डोयासमोरून जात नाय. तवापासून मोबाईलवर ते चिनी म्हातारे लोकं सकाळी बगीच्यात हळूहळू हात फिरवतात ना, ज्याले ताई ची म्हणतात, ते पाहून रायलो. नुसतं पाहूनच बरं वाटते. पण ते बी कुंग फूच म्हणतात, मंग मारामारीची विद्या शिकून राग कमी कसा होईन, हे काही समजत नाय. कोणी केलं असन तर सांगा.

संथ_मूठ
भाऊ, मी नागपूरले नोकरीवर होतो तवा 6 वर्षं शिकलो, आता आर्वीकडं गावात एकटाच करतो. पहिलं म्हणजे कुंग फू या शब्दात मारणं नाहीच. लय दिवस घाम गाळून अंगात मुरलेलं कसब, असा त्याचा अर्थ. चिनी माणूस चांगल्या आचाऱ्याच्या हातालेही कुंग फू म्हणते. मारामारीच्या कलेले त्याइचा शब्द वुशू.

आता रागाचं सांगतो. ताई चीमध्ये तुई शौ नावाचा सराव असते, दोघं समोरासमोर उभे, मनगटाले मनगट टेकलेलं, अन् एकमेकाचा तोल घालवायचा. मी तवा पंचविशीचा, आमचे सर साठीच्या वरचे. मी जोर लावला की ते तेवढंच मागं सरायचे अन् मी माह्याच जोरानं पुढं पडायचो. सर म्हणाले, मी तुले पाडलंच नाही, तू ढकलून रायला होता. समोरच्याचा जोर कुठून येऊन रायला ते कातडीनं ओळखायचं, त्याले ते लोकं ‘ऐकणं’ म्हणतात, अन् तुमचा खांदा ताठ असला की काहीच ऐकू येत नाही. हे रोज अर्धा तास केलं की घरी कोणी आवाज चढवला तरी पहिले आपला खांदा वर गेला हे समजते. मले तेवढ्यानंच लय फरक पडला, बायकोले विचारा पाहिजे तर.

सुरुवात मा बू पासून करा, म्हणजे घोड्यावर बसल्यासारखं उभं राहणं. पहिले तीन महिने आम्हाले हेच होतं, पाच पोट्टे सोडून गेले.

बाई_यवतमाळ
दादा, मी शाळेत शिकवते, दिवसभर उभं राहून गुडघे धरले होते म्हणून सुरू केलं. ताई ची ही हेनान प्रांतातल्या चेन घराण्याच्या गावातली विद्या, म्हणजे खेड्यातलीच. 1956 मध्ये चीन सरकारनं सगळ्यांना जमावा म्हणून 24 हालचालींचा सोपा क्रम बनवला, मी तोच करते, सहा मिनिटं लागतात. गुडघ्याच्या दुखण्यावर अमेरिकेत 204 लोकांवर अभ्यास झाला होता, 2016 मध्ये छापून आला, 12 आठवड्यांत ताई ची अन् फिजिओथेरपी दोन्हीचा फायदा सारखाच निघाला. पण तुमची कंबर खरंच गेली असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा, व्हिडिओ पाहून एकदम खाली बसू नका.

आखाडा_काका
आमच्या अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासून हाय, मी तिकडच्या मातीतला. चिनी काय अन् देशी काय, शरीराले शिस्त लागली की मनाले लागते. ही विद्या आपल्याच बोधिधर्म भिक्षूनं चीनच्या शाओलिन मठात नेली ना, मंग आपलीच झाली.

संथ_मूठ
काकाजी, मानानं सांगतो, शाओलिन मठ 495 चा, तो भारतातून गेलेल्या एका दुसऱ्याच भिक्षूसाठी बांधला हे खरं हाय, पण बोधिधर्मानं कुस्ती शिकवली ही कथा हजारेक वर्षांनंतरची, 17व्या शतकात लिहिलेली. मले त्याचं वाईट वाटत नाही. आखाड्यात उतरताना तुम्ही मातीले हात लावून कपायाले लावता, ते लोकं उजव्या मुठीवर डावा पंजा झाकून नमस्कार करतात, म्हणजे मूठ हाय पण झाकलेली हाय. याले वू-द म्हणतात, लढणाऱ्याचा धर्म. जुने गुरू पोराचा स्वभाव पाह्यल्याबिगर पुढचं शिकवतच नव्हते.

आखाडा_काका
हे पटलं बाप्पा. आमचे वस्तादही पहिलं वर्ष माती खोदाले लावत.

वावरवाला_मोर्शी
तीन आठवडे झाले, सांगतो. डॉक्टर म्हणे हाडाले काही नाही, स्नायू आखडले. सांजच्याले बगीच्यात पाणी सुटलं की दांडाजवळ उभा राहतो, पोरगी बाजूले उभी राहून आकडे मोजते, ती 100 वर आली की माह्या मांड्या थरथरतात. परवा धुऱ्यावर चुलतभाऊ भेटला, पुन्हा तेच सुरू केलं त्यानं, अन् माहा खांदा वर गेला ते मले खरंच समजलं भाऊ! तोंडातून एवढंच निघालं, संध्याकाळी घरी ये, बसून बोलू. तो आला नाही. पण मी घरी जाऊन जेवलो, नाहीतर त्या दिवशी ताटच फेकलं असतं.

एक विचाराचं होतं, थकलो की गुडघे आत वळतात, चालते का?

संथ_मूठ
नाही चालत. थोडं वर उठा, गुडघा पायाच्या बोटाच्या रेषेत ठेवा, 100 च्या जागी 60 च मोजाले सांगा पोरीले.