मदत हवी आहे: निर्गुडीच्या अर्काने नायट्राइट खरंच कमी होतंय, की ग्रीस रीएजंट फसवतोय?

नमस्कार मंडळी. निर्गुडीच्या पानांचा 70 टक्के मिथेनॉलमधला अर्क रॉ 264.7 पेशींवर (उंदराच्या मॅक्रोफेज, म्हणजे रोगप्रतिकारक पेशी) तपासतेय; तो दाह कमी करतो का, ते बघायला. आधी अर्क, तासाभराने एलपीएस (दाह चेतवणारा जिवाणूंचा घटक) 1 मायक्रोग्रॅम प्रति मिली, 24 तासांनी वरचं माध्यम आणि ग्रीस रीएजंट (नायट्राइट असेल तर गुलाबी होणारं द्रावण) समसमान, 540 नॅनोमीटरला वाचन. डीएमएसओ (अर्क विरघळवणारं द्रावक) सगळ्या वेलमध्ये 0.1 टक्का.

अडचण अशी: 100 मायक्रोग्रॅमला नायट्राइट छान उतरतं, पण पेशी नसलेल्या माध्यमात 20 मायक्रोमोलर सोडियम नायट्राइट आणि तोच अर्क घातला, तरीही गुलाबी रंग फिकाच येतो. म्हणजे रीएजंटमधल्या आम्लात अर्कातले फ्लॅव्होनॉइड (वनस्पतीतली संयुगं) स्वतःच नायट्राइट खातायत. मग आयनॉस एन्झाइम (पेशींत नायट्रिक ऑक्साइड बनवणारं, ज्याचं पुढे नायट्राइट होतं) दबलं, असं कशाच्या जोरावर म्हणायचं? अर्काचा स्वतःचा हिरवट पिवळा रंग वेगळा वाचून वजा केलाय, पण त्याने हा प्रश्न सुटत नाही.

पेशी जिवंत आहेत का ते दाखवणाऱ्या एमटीटी चाचणीवरही डोळे झाकून विश्वास नाही. ल्युटिओलिनसारखे फ्लॅव्होनॉइड रेणू पेशींशिवायही एमटीटी जांभळं करतात, म्हणून माध्यम काढून, पीबीएसने (क्षारांचं बफर द्रावण) दोनदा धुऊन मगच ते घालतेय.

नायट्राइट मोजण्याआधी फ्लॅव्होनॉइड अडवायला सी-18 कार्ट्रिज (असे रेणू धरून ठेवणारी गाळणी) कुणी वापरलंय का? नायट्राइट त्यातून पुरतं बाहेर येतं का? की ग्रीसचा नाद सोडून थेट आयनॉसचा वेस्टर्न ब्लॉट (प्रथिन किती आहे ते दाखवणारी चाचणी) आणि टीएनएफ-अल्फा या दाहाच्या संकेत-प्रथिनाचं एलायझा (प्रतिपिंडांनी मोजमाप) करावं? दोन्हींसाठी एलपीएसनंतर किती तासांनी नमुने घेता, तेही कृपया सांगा.