भिगवणला दोन दिवस: गळ आणि कॅमेरा, दोन्ही जमवायचंय

प्रश्न : सायली_पुणे

नमस्कार मंडळी. जानेवारीच्या तिसऱ्या शनिवार-रविवारी भिगवणला जायचं ठरतंय. आम्ही दोघं, मुलं (१० आणि ६ वर्षं) आणि सासूबाई (६८, गुडघे दुखतात). मुक्काम कुंभारगावात. नवऱ्याला मुलांना गळ टाकायला शिकवायचंय, मला रोहित पक्ष्यांचे फोटो हवेत. कॅमेरा क्रॉप सेन्सरचा, लेन्स ७०-३००. दोन्ही एकाच नावेतून करता येईल का? ट्रायपॉड घ्यावा का? गळाला काय लावायचं?

पाणकाठ :

एकाच फेरीत दोन्ही करू नका. पक्ष्यांची वेळ सकाळची, गळाची दुपारची. जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो. नाव त्याआधीच पाण्यात हवी. नऊ-साडेनऊनंतर पाण्यावरची हवा तापून थरथरायला लागते. मग लांबच्या पक्ष्याची कडा भुरकट येते आणि लोक उगीच लेन्सला दोष देतात. सासूबाईंसाठीही सकाळच बरी, कारण दुपारी वारा सुटला की उजनी धरणाच्या पसाऱ्यात नाव चांगलीच हलते. काठावर चिखल असतो, तेव्हा चढ-उतार कुठून होते ते नावाड्याला आदल्या दिवशी विचारून ठेवा. लाइफ जॅकेट सहा वर्षांच्या मुलाच्या मापाचं आहे का, तेही तेव्हाच बघा. मोठ्यांचं जॅकेट लहानग्याच्या डोक्यावरून निसटतं.

निघण्याआधी धरणातला साठा जरूर बघा. रोहित उथळ पाण्यातला चिखल चोचीने गाळून खातो. धरण भरलेलं असेल तर ते उथळ पट्टे पाण्याखालीच राहतात आणि मोठे थवे उशिरा, फेब्रुवारी-मार्चकडे दिसतात. तसं असलं तरी फेरी फुकट जात नाही: पट्टकदंब, चक्रवाक, चित्रबलाक, नदी सुरय, आणि नशीब असेल तर मासा पकडणारा कैकर.

ट्रायपॉड घरी ठेवा. नावेत तो इंजिनाची थरथर थेट कॅमेऱ्यात पोचवतो. जुन्या उशीच्या अभ्र्यात किलोभर तांदूळ शिवून घ्या, नावेच्या काठावर ठेवा आणि त्यावर लेन्स टेका. थव्याजवळ इंजिन बंद करून बांबूने नाव सरकवायला सांगा. शटर स्पीड बसलेल्या पक्ष्याला १/१०००, उडत्याला १/२०००, अ‍ॅपर्चर ५.६ ते ८, आयएसओ ऑटो, फोकस सतत चालू राहणारा. रोहित पांढरा आणि पाणी गडद, म्हणून कॅमेरा फसतो आणि पिसांचा तपशील पार उडतो, एक्स्पोजर ०.७ ने कमी करा. तोच पक्षी उजळ आकाशापुढे उडाला की उलटं होतं, तिथे तेवढंच वाढवा. सूर्य पाठीशी राहील अशा बाजूने नाव न्यायला सांगा.

माना खाली घालून खाणारा थवा एकदम माना ताठ करून एका दिशेने चालू लागला, की तुम्ही फार जवळ गेलात. तिथेच थांबा. उडायला त्यांना पाण्यावरून बरंच धावावं लागतं, त्यात ताकद जाते. उडतानाच्या फोटोसाठी थवा उठवायला सांगणारे पर्यटक असतात. नावाड्याने आपणहून विचारलं तरी ठाम नाही म्हणा.

गळकरी :

मासेमारीचं बघू. जलाशयातले हक्क परवाना असलेल्या मच्छीमारांकडे असतात, म्हणून जिथे राहताय त्यांच्यामार्फत आधी विचारा आणि ते दाखवतील त्याच काठाला बसा. थर्माकोलचे तुकडे किंवा रिकाम्या बाटल्या ओळीने तरंगताना दिसल्या तर खाली जाळं आहे. त्या बाजूला गळ टाकू नका.

मुलांना रीळ नको. आठ-दहा फुटांची बांबूची काठी, तेवढीच ०.२५ मिमी जाडीची तंगूस (नायलॉनची दोरी), ८ किंवा १० नंबरचा गळ, छोटा फ्लोट (पाण्यावर तरंगणारी खूण). वजनाला शिसं वापरू नका. तुटून तळाशी पडलेलं शिसं बदकं खडा समजून गिळतात आणि त्याची विषबाधा होते. सायकलच्या दुकानातला छोटा लोखंडी नट पुरतो.

मिळेल ती बहुधा चिलापी (तिलापिया मासा). तिला गांडूळ आवडतं, नाहीतर कणकेत थोडं बेसन आणि कापसाचे दोन-चार तंतू मळा. तंतूंमुळे गोळी पाण्यात लगेच सुटत नाही. गोळी हरभऱ्याएवढी, गळाचं टोक किंचित बाहेर. मोठी गोळी लावली की मासा कडेने कुरतडून जातो, फ्लोट नुसता नाचतो. थंड पाण्यात चिलापी सुस्त असते, म्हणून तीन ते साडेपाच ही वेळ, पाणी दोन-तीन फूट. फ्लोट बुडाला की मनगटाने हलका झटका, हाताने ओढ नको.

काठ मुरमाड निवडा. भेगाळलेला सुका गाळ वरून टणक दिसतो, खाली लोण्यासारखा असतो. मूल गुडघ्यापर्यंत रुततं.

सायली_पुणे :

फार उपयोगी, दोघांचेही आभार. मासा लागला तर सोडायचा की ठेवायचा?

गळकरी :

चिलापी मूळची इथली नाही, ठेवा. रोहू-कटल्याचं पिल्लू आलं तर हात ओले करून गळ काढा आणि लगेच सोडा. कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर जातो आणि मासा नंतर मरतो. अंगावर खरखरीत कवच असलेला काळपट सकर मासा आला तर तो पाण्यात परत टाकू नका, मच्छीमारांना द्या. चिलापी धरताना तळहात डोक्याकडून शेपटीकडे न्या, म्हणजे पाठीचे काटे मिटतात. शिंगटीला मुलांनी हात लावायचा नाही. तिचा काटा टोचला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवा, ठणका उतरतो. सूज वाढली तर डॉक्टर.

पाणकाठ :

निघताना तुटलेल्या तंगुशीचा प्रत्येक तुकडा गोळा करून डब्यात घाला. शेकाट्या पक्ष्याच्या लांब पायात ती अडकली की सुटत नाही, पाय कापत जाते.